चर्च आपलं, कायदा १८६९ चा

ख्रिस्ती घरात घटस्फोटाचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर येतं : "आपल्यात ते चालत नाही." बोलणाऱ्याला वाटतं, ही कडक शिस्त बायबलमधून किंवा चर्चच्या शिकवणीतून आली. चर्चची शिकवण आहेच, ती वेगळी. पण कोर्टात गेलेल्या ख्रिस्ती बाईला सव्वाशे वर्षांहून अधिक काळ ज्याने रडवलं, तो कायदा १८५७ साली लंडनच्या पार्लमेंटने इंग्लंडमधल्या माणसांसाठी केला होता. बारा वर्षांनी, १८६९ मध्ये, तो जवळजवळ तसाच उचलून हिंदुस्थानात आणला गेला. नाव दिलं इंडियन डायव्होर्स अ‍ॅक्ट. ख्रिस्ती माणसाचा 'वैयक्तिक कायदा' म्हणून आपण ज्याकडे बघतो, त्याचा मोठा भाग असा बाहेरून आलेला आहे. तो बदलायची धडपड इथल्याच ख्रिस्ती बायकांनी, फादरांनी आणि वकिलांनी केली. ती अर्धी झाली आहे. उरलेला अर्धा भाग तुमच्या-आमच्या कागदपत्रांत बसलेला आहे, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

मूळ कलम १० काय म्हणायचं ते आधी बघू. नवऱ्याला घटस्फोट हवा असेल तर बायकोचा व्यभिचार सिद्ध केला की पुरे. बायकोला हवा असेल तर नवऱ्याचा नुसता व्यभिचार चालत नसे. व्यभिचार अधिक क्रूरता, किंवा व्यभिचार अधिक दोन वर्षं टाकून देणं, किंवा जवळच्या नात्यातला व्यभिचार, किंवा दुसरं लग्न आणि व्यभिचार, अशी जोडी सिद्ध करावी लागे. नवरा रोज मारतो पण बाहेर कोणी नाही, तर घटस्फोट नाही. नवऱ्याचे बाहेर संबंध आहेत पण तो मारत नाही आणि घर सोडून गेलेला नाही, तरीही नाही. फार तर कलम २२ खाली 'न्यायिक विभक्तता' मिळे. म्हणजे वेगळं राहा, पण लग्न कायम, दुसरं करता येणार नाही.

त्यातून डिक्री मिळालीच, तर जिल्हा न्यायाधीशाचा हुकूम शेवटचा नसे. कलम १७ प्रमाणे तो उच्च न्यायालयाकडे शिक्कामोर्तबासाठी जाई, तिथे तीन न्यायमूर्तींसमोर ठेवायचा, आणि सहा महिने उलटल्याशिवाय तो कायम करायचा नाही. कागद वर गेला की वर्षं जात. इतर कलमंही त्याच साच्यातली. कलम ३४ प्रमाणे नवरा बायकोच्या प्रियकराकडून नुकसानभरपाई मागू शके, जणू कुणी त्याची वस्तू खराब केली. कलम ३९ प्रमाणे व्यभिचारी ठरलेल्या बायकोची मालमत्ता नवऱ्याच्या किंवा मुलांच्या नावे लावता येई. दावा चालू असताना बायकोला मिळणारी पोटगी नवऱ्याच्या सरासरी निव्वळ उत्पन्नाच्या पाचव्या हिश्शाच्या वर जाऊ शकत नसे. आणि कलम ७ सांगे की अडलं तर इंग्लंडच्या घटस्फोट कोर्टाची तत्त्वं पाळा.

इंग्लंडने स्वतःचं काय केलं? १९२३ साली तिथे बायकोलाही नुसत्या व्यभिचारावर घटस्फोट मिळू लागला. १९३७ साली क्रूरता, टाकून देणं, असाध्य वेड ही कारणं आली. मधे १९२६ साली एक वेगळा कायदा करून, ज्यांचं मूळ घर इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये आहे अशा ब्रिटिशांना हिंदुस्थानातल्या उच्च न्यायालयात इंग्लंडच्या कायद्याने घटस्फोट मिळण्याची सोय केली. म्हणजे मुंबईच्या त्याच इमारतीत इंग्रज मेमसाहेबाला नवा नियम आणि वसईच्या किंवा अहमदनगरच्या ख्रिस्ती बाईला जुना. दोघींचा देव एक, प्रार्थनेचं पुस्तकही कदाचित एक. हा भेद धर्माचा नव्हता, राज्यकर्ता आणि प्रजा यांच्यातला होता. वसाहतीच्या कायद्याचं याहून नेमकं उदाहरण मला सापडलेलं नाही.

स्वातंत्र्यानंतर १९५५ साली हिंदूंसाठी नवा विवाह कायदा आला. ख्रिस्ती कायदा जागचा हलला नाही. विधी आयोगाने १९६० साली पंधराव्या अहवालात ख्रिस्ती विवाह आणि घटस्फोटाचा पूर्ण नवा आराखडा दिला. १९६२ साली विधेयकही आलं, आणि लोकसभेची मुदत संपल्यावर ते बुडालं. १९८३ च्या नव्वदाव्या अहवालात आयोगाने पुन्हा सांगितलं की निदान कलम १० तरी बदला. काही झालं नाही. सरकारचं म्हणणं असे की समाजातून एकमुखी मागणी येऊ दे. समाज म्हणजे कोण, हा प्रश्न कोणी विचारत नसे. बहुतेक वेळा समाज म्हणजे बिशप मंडळी धरली जात, आणि घटस्फोट सोपा करा असं कॅथलिक बिशपांनी पहिल्यांदा उठून म्हणावं ही अपेक्षाच चुकीची होती.

कोंडी दोन बाजूंनी फुटली. जॉइंट विमेन्स प्रोग्रॅमसारख्या संघटनांनी चर्चच्या प्रतिनिधींना सोबत घेऊन विवाह, वारसा आणि दत्तक यांच्या विधेयकांचे मसुदे तयार केले. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट एका टेबलावर बसले, ही गोष्ट लहान नाही. दुसरीकडे बायका स्वतः कोर्टात गेल्या. १९९५ साली केरळ उच्च न्यायालयाच्या आणि १९९७ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने सांगितलं की बायकोवर लादलेली ही जोडीची अट राज्यघटनेत बसत नाही. म्हणजे महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती बाईला क्रूरतेच्या एकट्या कारणावर घटस्फोट मिळायला लागला तो संसदेच्या चार वर्षं आधी. १९९८ साली आयोगाचा १६४ वा अहवाल आला आणि २००१ साली कायदा दुरुस्त झाला. ३ ऑक्टोबर २००१ पासून तो लागू आहे. नावातला 'इंडियन' गेला, कलम ७, ३४ आणि ३९ गेली, उच्च न्यायालयाचं शिक्कामोर्तब गेलं, एक-पंचमांशाची मर्यादा गेली, नवरा-बायकोला सारखी कारणं मिळाली आणि कलम १०-अ मध्ये परस्पर संमतीचा घटस्फोट आला. नव्या कारणांतलं कुष्ठरोगाचं कारण पुढे २०१९ साली काढलं गेलं. तेही बरं झालं.

आता व्यवहाराचं. परस्पर संमतीच्या अर्जासाठी कलम १०-अ च्या मजकुरात आजही 'दोन वर्षं वेगळं राहणं' अशी अट आहे. हिंदू विवाह कायद्यात आणि विशेष विवाह कायद्यात ती एका वर्षाची आहे. केरळ उच्च न्यायालयाने २०१० साली दोनाचं एक वर्ष केलं, कर्नाटकाने २०१४ साली तेच केलं, आणि डिसेंबर २०२२ मध्ये केरळने एका वर्षाची सक्तीही घटनाबाह्य ठरवली. महाराष्ट्रात अर्ज करताना वकिलाने हे निकाल जोडून युक्तिवाद करावा. न्यायाधीश मजकुरावर बोट ठेवून दोन वर्षं मागू शकतात, ही तयारी मनात ठेवा. अर्ज कुटुंब न्यायालयात, ते नसेल तिथे जिल्हा न्यायालयात : जिथे लग्न लागलं, किंवा जिथे दोघं राहतात वा शेवटचे एकत्र राहिले, तिथे. सोबत चर्चच्या नोंदवहीतला विवाहाचा दाखला हवा. वेगळं राहायला कधी लागलात ती तारीख दोघांच्या प्रतिज्ञापत्रांत एकच हवी. एकाने मार्च लिहिलं आणि दुसऱ्याने जून, की अर्ज तिथेच अडतो. वेगळं राहणं म्हणजे वेगळं छप्पर असंच नाही. एकाच घरात पण नवरा-बायको म्हणून नाही, असंही चालतं, फक्त ते स्पष्ट लिहावं लागतं. पहिल्या अर्जानंतर सहा महिन्यांनी आणि अठरा महिन्यांच्या आत दोघांनी पुन्हा येऊन हो म्हणायचं. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली हिंदू कायद्यातला सहा महिन्यांचा थांबा माफ होऊ शकतो असं सांगितलं. त्या धर्तीवर इथेही विनंती करता येते, मिळेलच असं धरून चालू नका.

सगळ्यात जास्त गफलत होते ती चर्चच्या न्यायासनाबाबत. धर्मप्रांताच्या ट्रायब्युनलने लग्न 'शून्य' ठरवलं, म्हणजे ते मुळात वैधच नव्हतं असा निर्णय दिला, की माणसं समजतात आपण मोकळे झालो. चर्चपुरते झालात. सरकारच्या दृष्टीने तुम्ही अजून विवाहित आहात. सर्वोच्च न्यायालयाने हे १९९६ साली सांगितलं, आणि २०१७ च्या जानेवारीत, चर्चच्या निर्णयाला कायदेशीर घटस्फोटाइतकी किंमत द्या अशी मागणी करणारी याचिका फेटाळून पुन्हा सांगितलं. त्या याचिकेमागची भावना मी समजू शकतो : परक्याच्या कायद्यापेक्षा आपल्या चर्चचा निर्णय मानावा. पण परका कायदा काढून त्या जागी देशाच्या कोर्टाबाहेरची व्यवस्था आणणं हा उपाय नव्हे. कोर्टाने बरोबर केलं. कोर्टाच्या डिक्रीशिवाय दुसरं लग्न केलं तर तो द्विविवाहाचा गुन्हा, भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा. आणि उलट बाजूने, नुसती कोर्टाची डिक्री घेऊन कॅथलिक चर्चमध्ये पुन्हा लग्न लागत नाही. दोन्ही कागद लागतात. पूर्वी लग्न शून्य ठरायला चर्चमध्ये दोन पायऱ्यांवर सारखाच निर्णय व्हावा लागे. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ती दुसरी सक्ती काढली, त्यामुळे तो रस्ता थोडा आखूड झाला आहे.

लग्नाचा कायदा १८७२ चा आहे, आणि त्यात आजही चर्च ऑफ इंग्लंड, चर्च ऑफ स्कॉटलंड आणि चर्च ऑफ रोम यांचे धर्मगुरू अशी भाषा आहे. हिंदुस्थानातलं अँग्लिकन चर्च १९३० सालीच चर्च ऑफ इंग्लंडपासून वेगळं झालं. उत्तर भारतातली अनेक प्रोटेस्टंट चर्चेस २९ नोव्हेंबर १९७० ला आपल्या नागपुरात एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली. कायद्याला त्याचा पत्ता नाही. चर्च ऑफ इंग्लंडच्या धर्मगुरूने लग्न चर्चमध्येच लावावं, पाच मैलांच्या आत चर्च नसेल तर गोष्ट वेगळी, असंही त्यात आहे. लग्न साधारणपणे सकाळी सहा ते संध्याकाळी सात या वेळेत लागलं पाहिजे. वेळ, जागा, सूचना यांत चूक झाली तर कलम ७७ लग्न वाचवतं. पण लग्न लावणाऱ्याला अधिकारच नसेल तर वाचवत नाही. बिशपांकडून दीक्षा मिळालेल्या धर्मगुरूंना वेगळा सरकारी परवाना लागत नाही. स्वतंत्र मंडळ्यांच्या पाळकांना राज्य सरकारचा परवाना लागतो. लग्न ठरवताना हॉल आणि केटररच्या आधी पाळकसाहेबांचा परवाना बघा, त्याची झेरॉक्स घ्या, त्यावरचा नंबर लिहून ठेवा. ती विचारणा उद्धटपणाची वाटते म्हणून लोक टाळतात, आणि पुढे व्हिसा, पेन्शन किंवा घटस्फोटाच्या वेळी तोच कागद मागितला जातो.

या लढ्यात चर्चच्या माणसानेच मिळवलेला एक निकाल मला फार जवळचा वाटतो. भारतीय उत्तराधिकार कायदा १९२५ चं कलम ११८ सांगायचं : ज्याला पुतण्या-भाचा, पुतणी-भाची किंवा त्याहून जवळचा नातेवाईक आहे, त्याला धर्मादाय कामासाठी मालमत्ता ठेवायची असेल तर मृत्युपत्र मरणाच्या किमान बारा महिने आधी केलेलं हवं, आणि केल्यापासून सहा महिन्यांच्या आत ते सरकारी ठिकाणी जमा केलेलं हवं. याची मुळं इंग्लंडच्या १७३६ सालच्या कायद्यात आहेत. मरणासन्न माणसाच्या उशाशी बसून धर्मगुरू इस्टेट लिहून घेतील, ही तिथली भीती. इंग्लंडने १९६० साली ती अट मोडीत काढली. इथे ती राहिली आणि हिंदू-मुसलमानांना लागू नसल्याने, आणि १९९१ साली पारशांनाही वगळल्याने, प्रत्यक्षात ख्रिस्ती माणसालाच चिकटली. कर्करोग झाल्याचं कळल्यावर एखाद्याने अनाथाश्रमाला घर लिहून दिलं आणि तो आठ महिन्यांत गेला, तर ती देणगी रद्द. दान ही ज्या धर्मात साधनेची गोष्ट आहे, त्याच धर्माच्या माणसाचा हात धरणारा हा नियम. केरळचे फादर जॉन वल्लमट्टम १९९७ साली थेट सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २१ जुलै २००३ ला तीन न्यायमूर्तींनी कलम ११८ समानतेच्या हक्काविरुद्ध म्हणून रद्द केलं. त्यामुळे आता अशी अट नाही. जुन्या पुस्तकातलं कलम दाखवून कोणी घाबरवलं तर या निकालाचं नाव सांगा.

सगळी जुनी कलमं वाईट आणि सगळे आपले लोक चांगले, असंही नाही. मुलीच्या वारसाहक्कासाठी कोर्टात गेलेल्या केरळच्या मेरी रॉय यांचं प्रकरण नेमकं उलटं आहे. आजच्या केरळातल्या त्रावणकोर संस्थानाच्या १९१६ च्या ख्रिस्ती वारसा कायद्यात मुलीला मुलाच्या हिश्शाच्या चौथाई किंवा पाच हजार रुपये, जे कमी असेल ते. सर्वोच्च न्यायालयाने १९८६ साली ठरवलं की १ एप्रिल १९५१ पासून तिथे १९२५ चा उत्तराधिकार कायदाच लागू आहे, म्हणजे मुलगा-मुलगी समान. इंग्रजांच्या काळातला कायदा मुलीच्या बाजूने उभा राहिला आणि केरळमधल्या अनेक चर्चमधून विरोध झाला. वसाहतीचा वारसा मोडायचा म्हणजे जुनं ते सगळं जाळायचं नाही, कोणाच्या डोक्यावर ओझं पडतं ते बघायचं.

महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती कुटुंबाला हाच १९२५ चा कायदा लागतो. यात वडिलोपार्जित आणि स्वकष्टार्जित असा फरक नाही, जन्माने हक्क नाही. मृत्युपत्र नसेल तर हयात जोडीदाराला एक-तृतीयांश, उरलेलं मुलांना सारखं. ३६ गुंठे जमीन, बायको आणि तीन मुलं : बायकोला १२, प्रत्येक मुलाला ८. वारसनोंदीत नुसती चार नावं लागली आणि हिस्से लिहिले नाहीत, की पुढे चौघांत नऊ-नऊ गुंठ्यांचा वाद उभा राहतो. अर्जातच हिस्से लिहून द्या. आधीच वारलेल्या मुलाचा हिस्सा त्याच्या मुलांना जातो, पण त्याच्या विधवेला सासऱ्याच्या मालमत्तेत काही मिळत नाही. घरात अशी सून असेल तर सासऱ्यांनी जिवंतपणी तिच्यासाठी लिहून ठेवावं.

मूळ गोव्याचे, अधिवास (कायद्याच्या दृष्टीने कायमचं घर) गोव्याचाच ठेवून मुंबईत राहणारे असाल तर हिशेब निराळा. पोर्तुगालने १८६७ ची नागरी संहिता १९६६ साली बदलली, तोवर गोवा मुक्त झालं होतं, म्हणून जुनी संहिता गोव्यात उरली. तिचा वारसाहक्काचा भाग आता गोव्याच्या स्वतःच्या कायद्यात आला आहे. मुलं असतील तर आपल्या इस्टेटीच्या अर्ध्यापलीकडे मृत्युपत्राने मनाप्रमाणे देता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १३ सप्टेंबर २०१९ ला सांगितलं की गोवेकराची मुंबईतली मालमत्ताही याच नियमाने जाते.

दत्तकाचं थोडक्यात. ख्रिस्ती माणसाला पूर्वी १८९० च्या कायद्याने फक्त पालक होता येई, तेही मूल सज्ञान होईपर्यंत. आता बालन्याय कायदा २०१५ खाली 'कारा' या केंद्र सरकारच्या दत्तक संस्थेमार्फत पूर्ण दत्तक घेता येतं, आणि सप्टेंबर २०२२ पासून तो आदेश जिल्हाधिकारी देतात.

शेवटी मृत्युपत्र, कारण उरलेल्या जुन्या कलमांवर आज तेवढंच औषध आहे. साधा कागद चालतो, मुद्रांक लागत नाही, नोंदणी ऐच्छिक आहे पण दुय्यम निबंधकाकडे करून घ्यावी. दोन साक्षीदार, दोघांनी तुम्हाला सही करताना पाहिलेलं किंवा 'ही माझीच सही' असं तुमच्या तोंडून ऐकलेलं हवं, आणि त्यांनी तुमच्यासमोर सही करायची. साक्षीदार किंवा त्याचा जोडीदार लाभार्थी नसावा. तसा असला तर १९२५ च्याच कायद्याच्या कलम ६७ मुळे मृत्युपत्र टिकतं पण त्याला दिलेला हिस्सा जातो. हिंदूंना हे कलम लागू नाही, म्हणून शेजाऱ्याचा नमुना उतरवून काढू नका. तसंच कलम ६९ : लग्न झालं की आधीचं मृत्युपत्र आपोआप रद्द. विधुराने मुलींच्या नावे सगळं लिहिलं आणि मग दुसरं लग्न केलं, तर तो कागद संपला, नवीन करावा लागतो. प्रोबेटची, म्हणजे मृत्युपत्रावर कोर्टाचं शिक्कामोर्तब घेण्याची, सक्ती भारतीय ख्रिस्ती माणसाला २००२ पासून नाही. ती सक्ती करणारं कलम २१३ च २०२५ साली काढलं गेलं, सोसायटीने मागितलं तर ते दाखवा.

आणि तरुण मुलांनीही मृत्युपत्र करावं. कारण कलम ४२. अविवाहित मुलगा किंवा मुलगी मृत्युपत्राशिवाय गेली आणि वडील हयात असतील, तर सगळं वडिलांना, आईला काही नाही. लग्न झालेलं आणि मूल नसेल, तर जोडीदाराला अर्धं, उरलेलं अर्धं पुन्हा वडिलांनाच. वीस वर्षांपूर्वी घर सोडून गेलेला बाप असेल तरीही. वडील नसतील तेव्हा कुठे आईचा नंबर लागतो, आणि तोही भावंडांच्या बरोबरीने. विधी आयोगाने २०१४ साली २४७ व्या अहवालात आईला वडिलांइतका हिस्सा द्यावा असं सुचवलं आहे. ते होईपर्यंत नालासोपाऱ्यात कर्जाने फ्लॅट घेतलेल्या मुलाने कर्जाच्या कागदांसोबत एक पान आणखी करावं. त्यावर आईचं पूर्ण नाव, फ्लॅटचा नंबर, बँकेचं खातं, व्यवस्थापक म्हणून एका विश्वासू माणसाचं नाव, आणि खाली दोन अशा शेजाऱ्यांच्या सह्या ज्यांना त्यातून काही मिळणार नाही.